कोंबड्यांखाली काय टाकायचं

सासूबाई भिलाईला आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात टोपलं. टोपल्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं, आणि फडक्याच्या एका भोकातून लाल तुरा बाहेर आलेला. हे त्यांना घ्यायला दुर्ग स्टेशनवर गेले होते. हे म्हणजे माझे यजमान, कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क. सेक्टर दोनपर्यंत सायकल रिक्षात ते टोपलं यांच्या मांडीवर होतं. घरी उतरल्यावर यांच्या पांढऱ्या पँटीची जी दशा दिसली ती पाहून मी आत जाऊन पोटभर हसून घेतलं आणि मग बाहेर येऊन पाया पडले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. वर्धेकडच्या गावात त्या एकट्या राहायच्या. सासरे गेल्यानंतर यांनी बरेचदा बोलावलं, पण त्या येत नव्हत्या. आता आल्या त्या अट घालूनच. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हे पाय, गावचं घर बंद करून आली मी. कोंबड्या इथं राह्यल्या तं मी राहीन. कोंबड्या गेल्या तं मी बी गेली."

हे मान डोलावून मोकळे झाले. आईपुढे मान डोलावणं हा त्यांचा जुना अभ्यास.

मला मात्र त्या अटीची काळजी होती, कारण मला आत्याबाई हव्या होत्या. माझं पहिलं बाळंतपण दसऱ्याच्या आसपास येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई लग्नाच्या आधीच गेली आणि तिच्यामागे माहेर म्हणून जे उरलं होतं तिथं जाऊन निजावं असं काही नव्हतं. आमच्याकडे तान्ह्याला पहिल्यांदा आईच्या आईच्या जुन्या लुगड्यावर निजवतात. माझ्या आईची लुगडी तिच्या तेरवीनंतर वाटून टाकली होती. एखादं मागून ठेवावं हे मला तेव्हा सुचलं नाही. क्वार्टरच्या डाव्या हाताला मल्याळी कुटुंब, उजव्या हाताला बनारसकडचं, समोर तेलुगू. माणसं चांगली होती, पण रडायचं झालं तर ते कोणत्या भाषेत, हाही प्रश्नच होता. यांची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मला भीती वाटत होती, एवढी ती साधी गोष्ट. तेव्हा माझं गणित सरळ होतं. आत्याबाई राहिल्या पाहिजेत, म्हणून कोंबड्या राहिल्या पाहिजेत. कोंबड्यांवर माझं प्रेम होतं असं कोणी समजू नये.

कारखाना तेव्हा उभा राहत होता. रशियाहून यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून, आणि रिकाम्या पेट्यांच्या फळ्या बाजारात विकायला यायच्या. आमच्या सेक्टरात अर्ध्या लोकांची पलंग-टेबलं त्याच लाकडाची होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर काळ्या शाईतली रशियन अक्षरं होती, आणि ती काय सांगतात हे कोणालाच ठाऊक नसल्यानं आम्ही त्यावर खुशाल ताटं मांडत होतो. यांनी तसलीच एक पेटी आणून खुराडं केलं. मागच्या अंगणात नळाजवळ सिमेंटचा ओटा होता, त्याच्यावर पत्र्याची पडवी होती. तिथं ती पेटी ठेवली. तिचा तळ काढून टाकला, म्हणजे खालचं झाडायला सोपं. आत विटांवर दोन छोटी खोकी ठेवली, कोंबड्यांना अंडी घालायला. यांना स्वतःच्या कारागिरीचं एवढं कौतुक वाटलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला मागच्या दारी नेऊन दाखवत.

आत्याबाईंनी खुराड्याला चारी बाजूंनी पाहिलं. मग आत हात घालून खालच्या सिमेंटावर तळवा टेकवला आणि तोंड वाकडं केलं.

"सिमेंटावर कोंबडी उभी करते का कोनी? पायाले गारठा धरते."

दुसऱ्या दिवशी त्या घमेलं घेऊन मागच्या मैदानात गेल्या. तिथं गाई चरायला यायच्या. ताजं शेण आणलं, पाण्यात कालवलं आणि खुराड्याखालचं सिमेंट छान सारवून काढलं. बोटांचे अर्धगोल अगदी एकसारखे. कडेनं चुन्याची रेघ ओढायची तेवढी बाकी ठेवली. वाळल्यावर त्यावर गावाहून आलेलं कुटार पसरलं. कुटार म्हणजे तुरी-हरभऱ्याच्या मळणीत उरतो तो बारीक भुसा. आमच्या भागात बैलांच्या तोंडी तेच आणि कोंबड्यांच्या पायाखालीही तेच. दुर्गला मोहन नगरात आमच्या नात्यातले एक रेल्वेत होते, त्यांच्याकरवी त्याचं पोतं आलं होतं. खोक्यांतही कुटार, त्यात मुठीनं खळगा. कोंबड्यांनी डोकं तिरकं करून पाहिलं आणि एकेक करून आत शिरल्या. आत्याबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच सिमेंटाची बाजू घेतली होती.

उन्हाळा बरा गेला. अंडी मिळत होती, आणि त्यातलं एक रोज माझ्या वाटीत पडत होतं. मला ते आवडत नसे, पण माझ्या आवडीला त्या घरात मत नव्हतं. आत्याबाई सगळं स्वतः ठरवायच्या. वरण किती पातळ, दार किती वाजता लावायचं, मी कोणत्या कुशीवर निजायचं, कशाचंही कोणाला विचारायच्या नाहीत. मला त्याचा राग यायचा आणि त्याच वेळी फार बरंही वाटायचं.

आषाढात वास सुटला.

कोंबड्यांच्या शिटेचा वास मला ठाऊक होता. हा तसा नव्हता. हा जड, आंबूस, डोळ्यांत जाणारा होता, आणि मला त्या दिवसांत जवळ उभंच राहवत नसे. मागचं दार मी लावून घ्यायला लागले. उजव्या हाताच्या बनारसवाल्या बाईंना दार लावून भागत नव्हतं, कारण त्यांचा चौका, म्हणजे स्वयंपाकघर, आमच्या भिंतीला लागून. शुद्ध शाकाहारी बाई, तरी कोंबड्यांबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आता मात्र पदर नाकाला लावूनच भिंतीवरून म्हणाल्या, "बहनजी, मुर्गियों से हमें कुछ नहीं। पर इस बास में रोटी नहीं बेली जाती।"

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की कुटार सर्दावलं असेल. सगळं बाहेर काढलं, खाली पुन्हा सारवलं, पोत्यातलं उरलेलं कोरडं कुटार टाकलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. कुटाराला पांढरी बुरशी धरली. पुढच्या आठवड्यात टाउनशिपचा सॅनिटरी इन्स्पेक्टर दारात. तो काही वाईट माणूस नव्हता. छत्री मिटून मागे गेला, लगेच परत आला आणि यांना म्हणाला, "बदबू हटाइए, नहीं तो मुर्गियाँ हटाइए। मैं फिर आऊँगा।"

हे घाबरले. टाइम ऑफिसातल्या माणसाला 'मैं फिर आऊँगा' हे वाक्य फार लागतं. मी त्यांच्याहून जास्त घाबरले, पण माझं कारण वेगळं होतं.

तिथून आमचं अंथरुणाचं पर्व सुरू झालं. कुटार संपलं होतं आणि पावसात गावाहून येणं कठीण. भिलाईच्या चहूकडे धान, तेव्हा दूधवालीकडून पैरा आणला. पैरा म्हणजे धानाचं लांब तणीस. आत्याबाईंनी तो उचलून पाहिला. "हे कोंबडीचं अंथरून व्हय का? हे तं म्हशीचं." तरी सारवून त्यावर पसरला. दुसऱ्याच दिवशी एका कोंबडीच्या पायात काड्या अडकल्या आणि ती अख्खं अंथरूण ओढत अंगणभर हिंडली. मागून कोंबडा ओरडत, त्याच्या मागून आत्याबाई. मग विळ्यावर पैरा बारीक चिरला. चिरलेला बरा होता, पण वरून कोरडा आणि खालून ओला. अंडी पिवळे डाग घेऊन निघायची, आणि वास होता तिथंच.

यानंतर तूस. भातगिरणीत धान भरडलं की तुसाचे ढीग पडतात. यांनी दुर्गहून सायकलच्या कॅरिअरला बांधून एक पोतं आणलं. तूस हलकं, कोरडं, ओल धरत नाही. खालच्या भागाला ते चांगलं ठरलं, खोक्यांत मात्र नाही. कोंबडी आत बसून दोनदा उकरायची की तूस बाहेर आणि अंडं खडखडीत लाकडावर. दोन अंडी तडकली. आणि श्रावणात जरा ऊन पडलं त्या दिवशी वारा सुटला. उकरलेलं तूस भिंतीवरून पलीकडे गेलं आणि बनारसवाल्या बाईंनी वाळत घातलेल्या वड्यांवर बसलं. त्या भांडल्या नाहीत. वड्यांचं ताट भिंतीवर आणून ठेवलं आणि आमच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मला भांडण परवडलं असतं.

शेवटी बाजारातल्या सुताराकडून रंध्याचे कीस आणले. त्याच पेट्यांचं लाकूड, रंध्याखालून निघालेल्या त्याच्या पिवळसर गुंडाळ्या. राळेचा वास औषधासारखा. खोक्यांत ते भरले आणि मला पहिल्यांदा वाटलं की जमलं. कीस एकमेकांत अडकून राहतात, उकरले तरी जागा सोडत नाहीत, खळगा तसाच राहतो, अंडं स्वच्छ निघतं. एक कोंबडी खुडूक होऊन त्यावर बसली ती उठेच ना. म्हणजे खाली तूस आणि खोक्यांत कीस, एवढं आम्हांला कळलं. मी आज कोणाला कोंबड्या पाळताना पाहिलं की हेच सांगते, विचारलं नाही तरी.

पण वास गेला नाही. उलट वाढला. आणि वास वाढेल तसतसा आत्याबाईंचा सारवणाचा हात जाड होत गेला. दर वेळी अंथरूण काढायच्या, शेणाचा थर द्यायच्या, वरून वाळला की नवं टाकायच्या. आपल्याकडून स्वच्छतेत कसर नाही, हे त्यांना स्वतःलाच पटवून द्यायचं होतं बहुतेक. आता त्या कमी बोलायच्या. एक दिवस खुराड्याजवळ उकिडव्या बसून म्हणाल्या, "या जागेचंच पानी खराब हाय."

मग एका दुपारी मी खोलीत गेले तर त्या गाठोडं बांधत होत्या. रोजची दोन लुगडी दोरीवर होती, ती सोडून सगळं गाठोड्यात घातलं. सगळ्यांत वर एक जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं हिरवं लुगडं घडी करून ठेवलं आणि गुडघा टेकवून करकचून गाठ मारली. त्यांनीच सांगितलं की उद्या मोहन नगरात जाते, कोंबड्या तिथं ठेवून घेतात का पाहते, आणि मग गाडी पकडते. "तो साहेब माह्या पोराच्या दारी पुन्हा येऊन बोलला तं मले चालत नाही."

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर आणि आत्याबाई दुर्गला. मी घरात एकटी होते. नाकाला पदर बांधला, पाट घेतला, खुरपं घेतलं आणि खुराड्यापुढे बसले. मला निदान तूस तरी बदलायचं होतं. दुसरं काही करण्यासारखं दिसत नव्हतं आणि नुसतं बसवत नव्हतं. वरचं तूस कोरडं होतं. मी ते हातात घेऊन हुंगलं. त्याला वास नव्हता. खालचं तूसही बाजूला केलं, तेही जवळजवळ कोरडं. मग खुरपं सारवणाला लागलं आणि आत गेलं.

जमिनीवरच्या सारवणात खुरपं असं आत जात नाही, ते खरडतं. इथं ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. वर पापुद्रा वाळलेला आणि खाली थरावर थर, ओलाकच्च, हिरवा-काळा. एक ढेकूळ उचकटून काढलं तर त्यात वळवळ दिसली. वास तिथून येत होता. गावच्या घरात खाली माती, ती सारवणातलं पाणी ओढून घेते आणि दुपारपर्यंत खणखणीत वाळते. इथं खाली सिमेंट. त्यानं एक थेंबही घेतला नव्हता. आषाढापासूनचं प्रत्येक सारवण तिथंच बसून कुजत होतं आणि आम्ही वरची अंथरुणं बदलत होतो. त्यांना सारवताना मी दर वेळी पाहिलं होतं, पण मलाही शंका आली नव्हती. सारवलं म्हणजे स्वच्छ झालं, हे आमच्या हाडातच. शंका घ्यायची तर आधी आपल्या सगळ्या आज्या-पणज्यांवर घ्यावी लागली असती.

मी तिथंच बसून राहिले. कळल्याचा आनंद झाला नाही, कारण आता ते आत्याबाईंना सांगायचं होतं. गप्प राहिले तर कोंबड्या जाणार आणि मागोमाग त्या. सांगितलं तर त्यांच्या सारवणाला नाव ठेवलं म्हणून त्या आजच्या आज निघणार. त्यांच्या वयाच्या बाईला तिच्या स्वयंपाकावरून बोललेलं एक वेळ चालेल, सारवणावरून नाही.

संध्याकाळी त्या आल्या. दारातूनच म्हणाल्या, "ठेवतो म्हनते ते कोंबड्या. मी मंगळवारी निंघीन."

मी ते ढेकूळ एका फुटक्या ताटलीत ठेवलं होतं. ती ताटली त्यांच्यापुढे धरली.

"आत्याबाई, वास याचा येऊन राहिला."

त्यांनी वाकून पाहिलं. "हे तं सारवण व्हय."

"हो. सारवणाचाच येऊन राहिला."

"माह्या सारवणाले वास येते म्हन्तेस?"

"गावी येत नव्हता. तिथं खाली माती होती, ते पानी पेत होती. हे सिमेंट काहीच पेत नाही."

"लगीन झाल्यापासून सारवून राहिली मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि तेच मला कठीण गेलं. "आजवर कोनी म्हनलं नाही."

"मी बी म्हनली नसती. पन कोंबड्या गेल्या तं तुमी जाता. अन् तुमी गेल्या तं मले इथं कोन हाय? मले भेव वाटते, आत्याबाई."

त्यांनी ताटली माझ्या हातून घेतली, बाहेर नेऊन ठेवली, पाय धुतले आणि आत जाऊन निजल्या. जेवल्या नाहीत. यांनी दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी केलं असणार. केलं तर होतंच.

सकाळी मला खरवडण्याच्या आवाजानं जाग आली. आत्याबाई खुराड्याशी बसून खुरप्यानं सिमेंट खरवडत होत्या. थरच्या थर घमेल्यात पडत होते. खाली करडं सिमेंट दिसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग बादल्या ओतल्या, शेगडीतली राख टाकून घासलं, पुन्हा बादल्या ओतल्या. पेटी हलवून ऊन लागू दिलं. दुपारी नुसत्या सिमेंटावर तुसाचा जाड थर पसरला आणि खोक्यांत नवे कीस भरले. हे सगळं माझ्याशी एक शब्दही न बोलता. जेवायला वाढताना यांना म्हणाल्या, "तिले सांग, तूप घे म्हना." मी समोरच बसले होते.

चार-सहा दिवसांत वास गेला. इन्स्पेक्टर आला, मागे जाऊन उभा राहिला, नाक वर करून दोनदा श्वास घेतला आणि "अब ठीक है" म्हणून गेला. बनारसवाल्या बाईंनी भिंतीवरून विचारलं की ते लाकडाचे कीस थोडे मिळतील का, अंगीठी पेटवायला बरे पडतात. आत्याबाईंनी सूपभर दिले. मंगळवार आला आणि गेला. तिकिटाचं कोणी बोललं नाही. पण गाठोडं कोपऱ्यात तसंच बांधलेलं होतं. त्या दोरीवरची दोन लुगडी आलटून पालटून नेसायच्या आणि गाठोड्याला हात लावायच्या नाहीत. रोज सकाळी उठले की मी आधी कोपऱ्यात पाहायची. पोळा झाला, गौरी-गणपती झाले, गाठ तशीच. आता त्या माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. त्या राहणार आहेत की मनातल्या मनात निघाल्या आहेत, हे मी विचारू शकले नाही.

दसऱ्याच्या आधी मुलगी झाली. इस्पितळात आत्याबाई दाराबाहेर बाकावर बसून होत्या, हे मला नर्सनं सांगितलं. मला भीती वाटायची ती वाटलीच, पण दाराबाहेर कोण आहे ते ठाऊक होतं.

घरी आलो तेव्हा मागची खोली त्यांनी माझ्यासाठी तयार करून ठेवली होती. आमच्याकडे बाळंतिणीची खोली सारवलेली असते. ही सारवली नव्हती. सिमेंट ओल्या फडक्यानं पुसून कोरडं केलं होतं. शेगडी होती, पाण्याचं भांडं होतं, माझी गादी होती. तिच्या शेजारी बाळापुरती जागा मोकळी सोडली होती. हे बाळाला धरून दारात उभे होते, हात लावायला घाबरत. आत्याबाईंनी बाळ त्यांच्याकडून घेतलं, त्या मोकळ्या जागेपाशी गेल्या आणि थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्या घरात आल्यापासून त्यांनी कोणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"सांग पोरी," त्या म्हणाल्या, "हिच्या खाली काय टाकू?"

माझ्या आईची लुगडी वाटली गेली, हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

"तुमचं लुगडं टाका," मी म्हटलं. "ते हिरवं."

"जुनं हाय ते."

"जुनंच पायजे."

त्यांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं, कोपऱ्यातून गाठोडं ओढलं आणि ते पुढ्यात घेऊन बसल्या. गाठ फार दिवसांची, घट्ट बसलेली, बोटांना दाद देईना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली.